शुक्रवारची सवाष्ण

माझी पत्नी खोटारडी होती, असं उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अजूनही मानतात. एका भोळ्या घरमालकिणीला तिने वर्षानुवर्षं फसवलं, तिच्या देवीच्या पाटावर बसून पुरण खाल्लं आणि शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, असं ते सांगतात. आता माझं वय झालं आहे. हे सगळं कसं घडलं ते सांगायला माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघेही नगरकडचे ख्रिस्ती. तिची आई मिशनच्या शाळेत शिकवायची. घरात सकाळी वाचन, रात्री प्रार्थना, रविवारी देऊळ. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. आडनाव मात्र आमचं असं की ते ऐकून कोणी काही ओळखू नये. त्या आडनावाची हिंदू घरं आमच्या गावातच कितीतरी होती.

सोयाबीनच्या तेलाचे कारखाने माळव्यात धडाधड उभे राहत होते तेव्हा मला त्यातल्या एकात हिशेबनिसाची नोकरी मिळाली. जुन्या गिरण्या बंद पडत होत्या, नव्या कॉलन्या उठत होत्या, गच्च्यांवरून केबलच्या तारा जात होत्या. मुलगी तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाची. घर मिळेना. एका ठिकाणी सगळं ठरलं, आणि मी धर्म सांगितल्यावर मालक म्हणाला, नळ एकच आहे, घरातल्या बायका ऐकणार नाहीत. दुसऱ्या ठिकाणी तर दारातूनच परत पाठवलं. आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये राहत होतो आणि पत्नी स्टोव्हवर खिचडी करत होती.

मग नानाखेड्याचं हे घर समोर आलं. मालक मराठी, पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून. पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेली माणसं, निम्मं बोलणं हिंदीत. मालकांनी, म्हणजे काकांनी, आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले की हे तर आपलेच लोक निघाले. मी गप्प बसलो. तेवढ्यात घरमालकीण काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांची नजर माझ्या पत्नीच्या रिकाम्या कपाळावर गेली.

"कपाळ असं खाली का गं, सूनबाई?"

ती उत्तर द्यायला लागली होती. मला तिचा चेहरा माहीत होता. ती खरं सांगणार होती. मी मध्येच बोललो, "तिला कुंकवाची ॲलर्जी आहे. पुरळ उठतं."

"हो का! इथे पण आमच्या एका भाभींना होतं तसं. टिकली लावायची मग. आजकाल तर बाजारात किती तऱ्हेच्या येऊन राहिल्यात." त्या आत गेल्या आणि टिकल्यांचं एक पाकीट आणून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं.

वर सामान लावताना ती म्हणाली, "अजून काय काय आजार आहेत मला? एकदाच सांगून टाका, म्हणजे पाठ करते." मी हसलो. तीही हसली थोडी. थोडे दिवस राहू, रुळलो की सांगून टाकू, असं मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

ती दाराबाहेर जाताना टिकली लावायची आणि आत आल्यावर काढायची. मोरीच्या वरच्या फरशीवर त्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या, लाल आणि तपकिरी. त्या फरशीसमोर उभी राहून ती भांडी घासायची आणि घासता घासता उपासनेतली मराठी गीतं हळू आवाजात गायची. इथली उपासना हिंदीत असे. हिंदीत देवाशी बोलायला तिला जड जाई. ती म्हणायची, तिथे मी ऐकते, बोलते ती मोरीवर.

बायबल पिठाच्या डब्यामागे असे. मला कामावर पाठवून, मुलीची वेणी घालून, टँकरचं पाणी भरून झालं की ती जमिनीवर बसून वाचायची. कणीक मळताना मुलीला गोष्टी सांगायची, योनाची, रूथची, हरवलेल्या मेंढराची. बाहेर कोणाला आमच्या मंडळीत म्हणतात तसं सलाम म्हणायचं नाही, नमस्कार म्हणायचं, एवढं मुलीला मी शिकवलं होतं. बाकीचं ती आपणच शिकली. रविवारी आम्ही स्कूटरवरून निघालो की खालून काका विचारायचे, कुठे स्वारी? मुलगीच आधी सांगायची, फ्रीगंजला, मार्केटमध्ये. पत्नीच्या मांडीवर कापडी पिशवी, वर रुमाल आणि खाली बायबल. स्कूटर वळली की ती म्हणायची, "येताना भाजी तरी घ्या. निदान तेवढं तरी खरं होऊ दे." म्हणून आम्ही दर रविवारी भाजी घेऊन परत यायचो.

दिवाळीत आम्ही चांदणीच्या आकाराचा कंदील लावायचो आणि तो नाताळापर्यंत तसाच ठेवायचो. काकू ओरडून विचारायच्या की दिवाळी संपून किती दिवस झाले, उतरवा की तो. मुलीला आवडतो, असं मी सांगायचो. नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या त्या मुलीचा वाढदिवस म्हणून. काकूंना आमच्या मुलीचं फार कौतुक होतं. खाली जेवायला बसली की ती डोळे मिटून हात जोडायची. काकू आपल्या सुनेला दाखवायच्या, "देख, याला म्हणतात संस्कार. तुझा तर ताट आलं की तुटून पडतो."

तो म्हणजे त्यांचा नातू. काकूंचा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असे. सून आणि हा लहानगा इथे. त्या पोरावर काकूंचा जीव. पत्नीचाही होता. दुपारी तो जिन्यावरून रांगत वर यायचा आणि ती त्याला गुळाचा खडा द्यायची.

आम्ही येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. श्रावणात त्या पोराला ताप आला आणि तो उतरेना. दवाखान्यात ठेवला, घरी आणला, पुन्हा ठेवला. काकूंचं जेवणखाण सुटलं. त्यांच्या घरी श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा असते. मुलाबाळांना राखणारी ती देवी. त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून तिचे पाय धुतात, हळदीकुंकू लावतात, ओटी भरतात आणि पुरणावरणाचं जेवू घालतात. त्या दिवसापुरती ती बाई म्हणजे देवीच. काकूंनी नवस बोलला होता. गुरुवारी संध्याकाळी त्या वर आल्या आणि पत्नीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "उद्या तू बस माझ्या पाटावर. माझं मन सांगतंय, तुझ्या हातून होईल."

काकू डोळे पुसत खाली गेल्या. मग पत्नी मला म्हणाली, "मी आत्ता जाऊन सांगते."

मी दार लावलं. तिला म्हटलं, आत्ता नको. पोर तापाने फणफणलं आहे, त्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही, आत्ता हे सांगशील तर काय वाटेल तिला? पोर बरं होऊ दे, मग सांगू.

"पुरण त्यांच्या हातचं मी केव्हाही खाईन," ती म्हणाली. "पण त्या उद्या माझे पाय धुणार. माझ्यात त्यांची देवी आहे असं समजून पोराचा जीव मागणार. आणि मी तिथे खोटी बसू? दुसऱ्या बाईच्या नवसात?"

"एक जेवण तर आहे."

"तुम्हाला एक जेवण वाटतंय."

ती दाराकडे गेली, कडी काढली, दोन पायऱ्या उतरली. मी तिला हाक मारली. मोठ्याने नाही, पण आमची मुलगी अभ्यासाला बसली होती तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो की हिची शाळा मध्येच सोडवून पुन्हा लॉजमध्ये जायचं आहे का? ती तिथेच जिन्यावर उभी राहिली, भिंतीला हात टेकून. मग परत वर आली.

शुक्रवारी ती गेली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. सवाष्णीने खायचं नसतं म्हणून नव्हे, ती त्या पोरासाठी आपल्या पद्धतीने उपास करत होती. ऑफिसला जाताना मला खालच्या दारातून दिसली ती पाटावर बसलेली, कपाळावर कुंकू, मान खाली. काकू वाकून तिचे पाय धूत होत्या. तिने पाय मागे ओढल्यासारखे केले आणि काकूंनी ते पुन्हा धरले.

पोराचा ताप त्या आठवड्यात उतरला. औषध बदललं होतं. पण काकूंनी सगळ्या गल्लीला सांगितलं की सूनबाई पाटावर बसली आणि माझा नातू उठून बसला.

त्यानंतर काही सांगायची सोयच उरली नाही. दर श्रावणी शुक्रवारी तीच. मग शेजारणींच्या घरी, डोहाळजेवणाला, गौरी जेवायला, कोणाचं मूल आजारी पडलं की. काकू तिला हाताला धरून न्यायच्या. ती सुरुवातीला नाही म्हणायची, डोकं दुखतं म्हणायची, मग जायची. नातू तिला मोठी आई म्हणायला लागला होता. घरी येऊन ती भरलेली ओटी टेबलावर ठेवायची, तांदूळ डब्यात, नारळ कोपऱ्यात. त्या नारळाची चटणी आम्ही खाल्ली.

आमच्या देवळात महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. मनात लपवलेलं काही असताना त्या ताटाला हात लावायचा नाही, असं तिच्या आईने तिला लहानपणापासून शिकवलं होतं. त्या श्रावणानंतर ताट आमच्या रांगेत आलं तेव्हा तिने ते माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. मुलीने एकदा विचारलं, आई का घेत नाही? पत्नी म्हणाली, "मी दुसरीकडे जेवून आलेय, बाळ."

पाद्रीसाहेबांनी मला बाजूला घेऊन चौकशी केली. तिला द्राक्षरसाने पित्त होतं, असं मी सांगितलं. घरी येऊन तिला ते सांगितलं तेव्हा तिने फक्त मान हलवली. आजार पाठ करण्याबद्दल ती या वेळी काही बोलली नाही.

आम्ही घर बदलू शकलो असतो. मला बढती मिळाली, कंपनीने कर्ज देऊ केलं, शहराच्या दुसऱ्या बाजूला फ्लॅट निघाले होते. ती दोन-तीनदा म्हणाली. मी म्हणायचो, इथून शाळा जवळ, काकू मुलीला सांभाळतात, एवढ्या भाड्यात असं घर मिळणार नाही. हे सगळं खरं होतं. पण सोडताना का सोडता असं काका विचारतील, एवढीच माझी भीती होती.

मग ती खरोखर आजारी पडली. पोटात दुखतं हे ती बरेच दिवस बोललीच नव्हती. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं तेव्हा फार करण्यासारखं राहिलं नव्हतं. तिला घरी आणलं. काकू रोज पेज घेऊन जिना चढायच्या, गुडघे धरून, पायरी-पायरीला थांबत.

एका दुपारी ती मला म्हणाली, "काकूंना सांगा. तुम्ही सांगा. मी सांगितलं तर बाईने फसवलं असं होईल. तुम्ही सांगाल तर त्यांना नीट कळेल."

मी हो म्हणालो आणि खाली गेलो. काकू अंगणात मटार सोलत होत्या. नातू शेजारी बसून निम्मे दाणे तोंडात टाकत होता आणि त्या त्याच्या हातावर चापट मारत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कशी आहे? काही खाल्लं का तिने? मी कालपासून बोलून राहिले, मुगाचं पाणी देऊन पाहा." मी तिथे उभा राहिलो. वाक्य मनात तयार होतं. काकू म्हणाल्या, "बसा की, पाय का अवघडून राहिले?" मी बसलो नाही. मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन वर आलो.

"सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मनात काही ठेवू नको."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "बघा, उगीच एवढी वर्षं घाबरलो आपण."

संध्याकाळी काकू वर आल्या. मी दाराशी होतो. तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "काकू, मनापासून माफ केलंत ना?" काकू म्हणाल्या, "वेडी आहेस का तू? माझ्या घरात उजेड आणला तू, आणि माफी कसली मागून राहिली?" दोघी रडत होत्या. मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने आत गेलो आणि तो भरून वाहेपर्यंत नळाखाली धरून राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिने पाद्रीसाहेबांना बोलवायला सांगितलं. तिला प्रभुभोजन घ्यायचं होतं. काकू अमावास्येला रामघाटावर स्नानाला जातात, ती सकाळ मी निवडली. पाद्रीसाहेब साध्या कपड्यांत आले, पिशवीत कपबशीएवढं सामान. ती उशांना टेकून बसली. तिने डोक्यावर पदर घेतला, मोरीच्या फरशीवर टिकल्या अजून होत्या त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकूंना पण बोलवा ना वर. साहेबांशी ओळख होईल."

"त्या घाटावर गेल्यात," मी म्हणालो. त्या दिवसातलं तेवढंच एक मी खरं बोललो.

तिने भाकरीचा तुकडा घेतला. इतक्या वर्षांनी. पाद्रीसाहेबांनी तिच्या ओठांना पेला लावला. तिचा चेहरा तेव्हा कसा होता ते मी लिहू शकत नाही. त्या चेहऱ्याखाली माझा शब्द होता आणि तो शब्द खोटा होता.

ती गेली ती एका सकाळी. खाली कळलं तशा काकू हिरवी साडी, बांगड्या, हळदीकुंकवाचं तबक घेऊन वर आल्या. सवाष्ण गेली होती, तिला तसंच पाठवायचं होतं. त्यांच्या मागे गल्लीतल्या बायका. मी काही बोलायच्या आत जिन्यावरून आमच्या देवळाच्या मंडळीतले लोक शवपेटी घेऊन आले. पेटीवर क्रूस होता. काकू भिंतीला सरकल्या.

"हे कोण लोक आहेत?" त्यांनी मला विचारलं.

पाद्रीसाहेब हात जोडून म्हणाले, "माताजी, ये हमारी मंडली की बहन थीं। बरसों से।"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तबक हातात तसंच धरून त्या तिच्याशी बोलल्या, "एवढी वर्षं माझ्या पाटावर बसलीस आणि मला एक शब्द सांगितला नाहीस?"

तेव्हा बोलायचं होतं. ती सांगायला निघाली होती, मी जिन्यावरून परत बोलावलं. ती माफी मागत होती ती याचीच. तिला वाटत होतं की तुम्हाला माहीत आहे. तीन वाक्यं होती. मुलगी माझ्या बाजूला उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

काकू तबक घेऊन खाली गेल्या. साडी खुर्चीवर राहिली. मंडळीतल्या एका बाईने विचारलं, या साडीचं काय करायचं? मी ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

महिन्याभरात आम्ही घर सोडलं. काकांनी का म्हणून विचारलं नाही. किराणा दुकानात एक जण दुसऱ्याला सांगत होता की बाई फार पक्की निघाली, म्हातारीला कळूसुद्धा दिलं नाही. मी साखर घेतली, पैसे दिले, निघालो. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. फोनवर ती आईबद्दल बोलते. त्या घराबद्दल मात्र एक शब्द काढत नाही.

काकू गेल्याचं मला उशिरा कळलं. मागच्या पावसाळ्यानंतर मी त्या घरी गेलो. नातू आता स्वतः बाप झाला आहे. त्याने ओळखलं, पाया पडला, सोफ्यावर बसवलं. मी त्याला सगळं सांगितलं. इतकी वर्षं तयार असलेली वाक्यं सांगायला काही वेळ लागला नाही. तो ऐकत होता, मधूनच मोबाइल वाजत होता तो उलटा ठेवत होता.

"अंकल, छोडो ना," तो शेवटी म्हणाला. "इतकी जुनी गोष्ट. मला तर त्यांचा गूळ तेवढा आठवतो."

मी विचारलं, आजी काही म्हणायची का तिच्याबद्दल?

त्याने आठवून पाहिलं. "बोलायची नाही. पण त्यानंतर घरात कधी सवाष्ण बसवली नाही तिने. आई म्हणायची, दुसरी कोणी बोलवू. आजी म्हणायची, नको."

नको म्हणजे काय? विश्वास उडाला म्हणून नको, की त्या जागी दुसरी कोणी नको? मी विचारलं. त्याने खांदे उडवले. त्याला माहीत नव्हतं. ज्या एकीला माहीत होतं, त्या काकू आता नाहीत.

आणि तिने शेवटी जे भोजन घेतलं, ते तिला लागू झालं की नाही, हे कोणाला विचारू? ते पाद्रीसाहेब बदलून गेले आणि नंतर वारले. आता नवे तरुण पाद्री आहेत. भले गृहस्थ आहेत. महिन्याच्या उपासनेत ताट माझ्या रांगेत येतं. ते शेजाऱ्याकडे सरकवावं असं दर वेळी मनात येतं. पण सरकवलं तर कोणीतरी विचारेल, का हो, तब्येत बरी नाही का? मग मला काहीतरी सांगावं लागेल. म्हणून मी घेतो.